खेळांतील खरा प्रकाश

नाटक, कादंबरी, चित्र आणि बोलपट ह्यांच्या गुणदोषांची चर्चा आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत आवडीने होते. परंतु घरातील तरुण मंडळी ज्या करमणुकीपुढे रोजच्या संध्याकाळी घालवितात त्या व्हिडिओ गेमविषयी बोलणे निघाले, की ते डोळे बिघडण्यावर आणि अभ्यास बुडण्यावर येऊन थांबते. ह्या तक्रारी खऱ्या असतील. पण त्यांत रसिकतेचा प्रश्न कोठेच येत नाही. जी गोष्ट हजारो मनांवर रोज काही ना काही संस्कार करिते, ती चांगली कशाने होते आणि वाईट कशाने होते, हे ठरविण्याचे काम टीकेने टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही.

अलीकडे ह्या खेळांच्या जाहिरातींत ‘रे ट्रेसिंग’ हा शब्द वारंवार आढळतो. तो ज्या यंत्रावर छापलेला असतो त्याची किंमत वाढते. आणि मुलाने तसे यंत्र मागितले, म्हणजे मध्यम स्थितीतील पित्यास ह्या दोन शब्दांत एवढे काय आहे असा प्रश्न पडतो. हा प्रश्न वरवर पैशाचा दिसतो, पण त्याच्या पोटात सौंदर्यशास्त्रातील एक जुना वाद दडलेला आहे. चित्रातील प्रकाश निसर्गाच्या नियमांनी पडलेला असला, म्हणजे चित्र सुंदर होते काय? ह्या वादाचा निकाल लावल्यावाचून त्या यंत्राचे मोल ठरविता येणार नाही.

प्रथम ही विद्या काय आहे ते पाहू. तिला आपण मराठीत ‘किरणशोध’ म्हणू. आपले नैयायिक असे मानीत, की चक्षुरिंद्रिय तैजस आहे. त्याचे किरण बाहेर पडतात, वस्तूस जाऊन भिडतात, आणि मग वस्तूचे ज्ञान होते. पदार्थविज्ञानाने हे मत केव्हाच बाजूस सारले. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, उलट नव्हे, हे अकराव्या शतकात इब्न अल-हैथम ह्याने समर्थपणे मांडले. तथापि गणकयंत्राने चित्र काढावयाचे झाल्यास नैयायिकांचीच रीत सोयीची पडते. दिव्यातून निघणाऱ्या असंख्य किरणांपैकी डोळ्यापर्यंत फारच थोडे पोचतात. बाकीच्यांचा हिशेब करीत बसणे व्यर्थ. म्हणून यंत्र डोळ्यापासून आरंभ करिते, पडद्याच्या प्रत्येक बिंदूतून एक कल्पित किरण दृश्यात सोडते, तो कोणत्या वस्तूस लागला ते पाहते, तेथून तो आरशावर उलटतो की काचेतून पार जातो ह्याचा माग काढीत दिव्यापर्यंत पोचते, आणि त्यावरून त्या बिंदूचा रंग ठरविते.

ही कल्पना यंत्राहूनही जुनी आहे. जर्मन चित्रकार ड्यूरर ह्याच्या १५२५ सालच्या ग्रंथात एक काष्ठचित्र आहे. त्यात भिंतीच्या खिळ्यापासून एक दोरी चौकटीतून ओढून वाद्याच्या एकेका ठिकाणास लावली आहे, आणि दोरी चौकटीत जेथे येते तेथे चित्राचा बिंदू मांडला आहे. त्या दोरीच्या जागी गणित घातले म्हणजे किरणशोध झाला. आर्थर अॅपेल ह्याने १९६८ साली संगणकाच्या चित्रांत ही रीत प्रथम आणिली, आणि १९८० साली टर्नर व्हिटेड ह्याने प्रतिबिंबे व पारदर्शक पदार्थ तीत बसविले. व्हिटेडने काढलेल्या दोन गोलांच्या प्रसिद्ध चित्रास त्या वेळच्या यंत्रावर सुमारे ७४ मिनिटे लागली होती.

खेळास इतका धीर नसतो. हातातील कळ दाबताच पडद्यावरचे चित्र बदलावयास हवे; म्हणून सेकंदास ३० किंवा ६० चित्रे तयार व्हावी लागतात. पडदा १९२० गुणिले १०८० बिंदूंचा धरिला, तर एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० बिंदू होतात; आणि प्रत्येक बिंदूस एकच किरण दिला, तरी सेकंदास १२ कोटी ४४ लाखांवर किरणांचा माग काढावा लागतो. प्रत्येक किरण दृश्यातील प्रत्येक वस्तूशी ताडून पाहणे अशक्यच. म्हणून टपाल खात्याची युक्ती योजितात. पत्र पोचविणारा गावोगावी दारे ठोठावीत हिंडत नाही; आधी जिल्हा पाहतो, मग तालुका, मग गाव, आणि शेवटी घर. तसेच दृश्याचे मोठ्या पेट्या, त्यांत लहान पेट्या असे भाग पाडून ठेवितात; किरण ज्या पेटीस शिवत नाही तिच्या आतील काहीही पाहावे लागत नाही. हेच एक काम झपाट्याने करणारे निराळे भाग चित्र काढणाऱ्या यंत्रात बसवून एनव्हिडिया कंपनीने २०१८ साली आपली आर. टी. एक्स. यंत्रे घरगुती बाजारात आणिली. आणि २०२०च्या अखेरीस प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्सची नवी आवृत्ती ह्यांतही तशी सोय आली. ७४ मिनिटांचे काम सेकंदाच्या साठाव्या भागात, म्हणजे अडीच लाखांहून अधिक पट वेगाने होऊ लागले. बुद्धीचा हा पराक्रम आहे, ह्याविषयी दुमत होऊ नये.

परंतु पूर्वीच्या खेळांत प्रकाश नव्हता काय? होता, पण तो सोंग होता. हे सोंग कोठे उघडे पडते ते समजण्यासाठी आमच्या मुळशीच्या जलाशयाचे उदाहरण घेऊ. पावसाळा सरून आकाश निवळले, की समोरच्या डोंगराची रांग पाण्यात जशीच्या तशी उतरते. पाहणाऱ्याने मान खाली घालून नुसत्या पाण्याकडे पाहिले, तरी डोंगराचे प्रतिबिंब जेथल्या तेथेच असते. कारण डोंगर कोणी पाहो वा न पाहो, उभाच आहे. खेळांत रूढ असलेली युक्ती अशी, की पडद्यावर आधीच आलेल्या चित्राचा तुकडा उलटा करून पाण्यावर चिकटवावयाचा. अर्थात मान खाली घालताच डोंगर पडद्याबाहेर जातो आणि त्याबरोबर त्याचे प्रतिबिंबही पाण्यातून पुसले जाते. जग आपल्या पाहण्यावर अवलंबून आहे असे मानणाऱ्या एखाद्या विज्ञानवाद्यास ही स्थिती मानवेल. सामान्य खेळाडूस मात्र कोठे तरी काही तरी चुकते आहे, एवढे जाणवत राहते.

दुसरी युक्ती ह्याहून चांगली होती. दृश्यातील प्रकाशाचे सगळे गणित कारखान्यातच तासन्‌तास करून घ्यावयाचे, आणि त्याचे उत्तर भिंतींवर रंगाप्रमाणे कायमचे चढवून द्यावयाचे. चित्र सुंदर दिसे; पण सूर्य हलविण्याची सोय उरत नसे. खेळाडूने दार उघडले, तरी उजेड आत येत नसे, आणि मशाल विझविली, तरी भिंतीवरची तांबूस झाक जात नसे. शिवाय रचनाकाराने एक खिडकी चार हात सरकविली, की सारे गणित पुन्हा मांडावे लागे.

किरणशोधाचे खरे मोल ह्या ठिकाणी कळते, आणि ते जाहिरातींत दाखवितात त्याहून निराळे आहे. जाहिरातींत पावसाने भिजलेले रस्ते, त्यांत उतरलेले रंगीत दिवे आणि आरशासारख्या मोटारी असतात. पण मुळशीच्या आषाढात असे काही नसते. ताम्हिणी घाटात ढग रस्त्यावर उतरतात, सावली म्हणून पडत नाही, आणि उजेड कोठून येतो हे सांगता येत नाही. अशा दिवशी जुन्या घराच्या माजघरात उभे राहून पाहावे. उजेडाला वाट एकाच दाराची. तो सारवलेल्या जमिनीवर पडतो, तेथून तिचा किंचित हिरवट रंग घेऊन भिंतीवर चढतो, भिंतीवरून आढ्याकडे जातो, आणि कोपऱ्यातल्या उतरंडीपाशी पोचेपर्यंत पार थकून जातो. ह्या दमलेल्या प्रकाशामुळेच ती खोली खोली वाटते. वस्तूवरून वस्तूवर उडत जाणाऱ्या ह्या प्रकाशाचा हिशेब करणे सर्वांत अवघड. जेम्स काजिया ह्याने १९८६ साली त्याचे समीकरण मांडून ठेविले होते. खेळांत ते तत्क्षणी सोडविण्यास तीसांहून अधिक वर्षे जावी लागली.

‘मेट्रो एक्झोडस’ ह्या खेळाची २०२१ सालची सुधारलेली आवृत्ती ह्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तिच्यातील सर्व उजेड किरणशोधाने येतो, म्हणून जुन्या यंत्रांवर ती चालतच नाही. उद्ध्वस्त रशियातल्या पडक्या घरांत शिरताना आतला अंधार आणि फटीतून येणारा दिवस ह्यांचे नाते खरे वाटते. आणि अंधारात लपून राहणे हाच त्या खेळाचा एक भाग असल्यामुळे हे खरेपण नुसते शोभेचे राहत नाही. ह्याउलट १९९७ सालच्या ‘क्वेक दोन’ ह्या खेळास एनव्हिडियाने २०१९ साली नवा प्रकाश दिला. त्यातील ओबडधोबड भिंतींवर इतका अचूक उजेड पडलेला पाहून कौतुक वाटते. पण ते प्रयोगशाळेतील कौतुक आहे. त्या खेळाची रचना ज्या प्रकाशासाठी झाली तो हा नव्हे.

आता मूळ वादाकडे येऊ. प्रकाश खरा झाला, म्हणून चित्र सुंदर झाले काय? ह्याचे उत्तर पुण्यातच सापडते. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापुराहून पुण्यास आली, आणि १९३४ साली तिचा ‘अमृतमंथन’ प्रसिद्ध झाला. त्या कंपनीस प्रकाशाचे गणित कधी करावे लागले नाही. कॅमेऱ्यापुढचा दिवा निसर्गाचे नियम फुकट पाळीत होता. त्या काळी निघालेल्या प्रत्येक बोलपटात, अगदी टाकाऊ बोलपटातही, प्रत्येक किरण शास्त्राप्रमाणेच पडलेला आहे. तरी ‘अमृतमंथन’मधील राजगुरूचा पडदा व्यापणारा डोळा आणि त्याभोवतीचा दाट अंधार स्मरणात राहतो, व बाकीचे विसरले जातात. कारण दिवा कोठे ठेवावयाचा, आणि विशेषतः कोठे ठेवावयाचा नाही, हे तेथे कोणी तरी ठरविले होते. कॅमेऱ्यास जे पहिल्या दिवसापासून विनासायास लाभले होते तेच किरणशोधाने खेळांस आता मोठ्या कष्टाने मिळवून दिले आहे. बोलपटाची कला जेथून आरंभ करिते तेथे खेळांची कला त्यामुळे येऊन पोचली, असे फार तर म्हणता येईल.

आणि शास्त्राप्रमाणे न पडलेला प्रकाशही सुंदर असू शकतो. सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर ह्यांचे, हाती दिवा घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते १९४५-४६च्या सुमाराचे. तिच्या बोटांतून पाझरणारा तांबूस उजेड पाहून प्रेक्षक खोलीत दुसरा दिवा शोधतात. ह्या चित्रात एकही किरण मोजलेला नाही. चित्रकाराने प्रकाश डोळ्यांत साठविला आणि कुंचल्याने कागदावर उतरविला. खऱ्याचा भास व्हावा एवढेच कलेस पुरते. तो भास गणिताने होतो की हाताने, हा कारागिरीचा प्रश्न आहे.

हा विचार मनात धरून पुण्यातच तयार झालेल्या एका खेळाकडे वळू. नॉडिंग हेड्स गेम्स ह्या लहानशा मंडळीने रचिलेला ‘राजी’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विच ह्या यंत्रावर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर प्रसिद्ध झाला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या यादीत त्याची गणना झाली. राक्षसांनी पळवून नेलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधास निघालेली एक डोंबारी खेळ करणारी मुलगी ही त्याची नायिका. किल्ले व देवळे राजस्थानी वळणाची, रंग पहाडी चित्रशैलीचे आणि हाताने भरलेले. आणि कथेतील दुवे छायाबाहुल्यांच्या रूपाने दाखविलेले. कुडाळजवळच्या पिंगुळीस ठाकर मंडळींचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल त्यांना ह्या योजनेचे मर्म सांगावयास नको. एक पडदा, त्याच्या पाठीमागे एक दिवा, आणि मध्ये हलणारी आकृती: प्रकाशाशी खेळण्याचा आपला जुना प्रकार तो हाच.

ज्या स्विच यंत्रावर ‘राजी’ प्रथम अवतरला त्यात किरणशोधाची सोय नव्हती. तरी त्याच्या दृश्यांत एक प्रकारचा भारदस्तपणा आहे. पाहणाऱ्याचा डोळा दूर व उंच ठेविल्यामुळे ती एवढीशी मुलगी आणि त्या अवाढव्य भिंती ह्यांचे प्रमाण मनावर ठसते, आणि उजेडाची योजना ह्या प्रमाणास धरून आहे. त्यास खरा प्रकाश दिला असता, तर लाभ झाला असता काय? आमच्या मते थोडा झाला असता, आणि थोडी हानीही झाली असती. पहाडी शैलीच्या चित्रात छटा रंगातच मुरलेली असते. तिच्यावर शास्त्रशुद्ध ऊन पाडले, तर एकाच भिंतीवर दोन सूर्य उगवल्यासारखे होते. मशालीचा उजेड धावत्या राजीच्या सावलीस लांबवितो-आखडवितो, असा एखादा प्रसंग मात्र खऱ्या प्रकाशाने खुलला असता. खेळाचे जे दोष आहेत ते प्रकाशाचे नाहीत. द्वंद्वयुद्धांत ठिकठिकाणी सफाई कमी पडते, आणि कथा ऐन रंगात आली असता आटोपती घेतल्यासारखी वाटते. कोणत्याही दिव्याने हे दोष झाकले गेले नसते.

किरणशोधाच्या कैवाऱ्यांस आणखी एक गोष्ट विचारावीशी वाटते. ह्या प्रकाशाच्या सत्यतेचा ते जो अभिमान बाळगितात, तो सर्वस्वी साधार आहे काय? तत्क्षणी चित्र काढताना प्रत्येक बिंदूस पुरेसे किरण देता येत नाहीत, एखाददुसराच देतात. त्यामुळे चित्र वाळू उधळल्यासारखे कणीदार येते, आणि मग शेजारच्या बिंदूंवरून व आधीच्या चित्रांवरून अंदाज बांधून ते गुळगुळीत करावे लागते. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने मधले बिंदूच नव्हे, तर मधली चित्रेही अंदाजानेच भरू लागले. २०२५च्या आरंभी एनव्हिडियाने आपल्या नव्या योजनेत दर १६ बिंदूंपैकी १५ अशा अंदाजाने भरले जाऊ शकतात असे अभिमानाने सांगितले. म्हणजे एका बिंदूपुरते सत्य शोधावयाचे आणि पंधरांविषयी तर्क करावयाचा! आम्ही ह्यास लबाडी म्हणत नाही. चित्रकारही तेच करितो. परंतु मग सत्याच्या नावाने बाकीच्या शैलींस हिणविण्याचा अधिकार उरत नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न. २०२२ साली निघालेल्या आर. टी. एक्स. ४०९० ह्या यंत्रभागाची अमेरिकेतील मूळ किंमत १,५९९ डॉलर होती, आणि भर कामात तो ४५० वॉटपर्यंत वीज घेतो. घरातील सहा साध्या पंख्यांस पुरेल एवढी. प्रकाशास किंमत पडते, हे मुळशीकरांस कोणी शिकवावयास नको. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. तरी धरण झाले, गावे पाण्याखाली गेली, आणि सह्याद्रीखाली भिरा येथे १९२७ पासून निघू लागलेली वीज मुंबईस उजळू लागली. त्या लढ्याशी एका खेळण्याची बरोबरी करणे अप्रशस्त होईल, आणि तसा आमचा हेतूही नाही. एवढेच म्हणावयाचे, की कोणी ‘उजेड वाढला’ असे सांगितले, तर तो कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या घरी वाढला, हे विचारण्याची सवय ह्या तालुक्याने लावून घेतलेली बरी.

खेळांच्या बाबतीत तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कारण आपल्या देशातील बहुसंख्य खेळाडू मोबाईलवर खेळतात. २०२४ च्या डिसेंबरात आलेला इंडियाना जोन्सचा खेळ किरणशोधाची सोय नसलेल्या यंत्रांस दारातूनच परत पाठवितो. पुण्यामुंबईच्या रचनाकारांनी डोळे मिटून हाच मार्ग धरिला, तर ते मराठी मुलांसाठी न रचिता परदेशातील थोड्या सधन गिऱ्हाइकांसाठीच रचितील. दुसऱ्या बाजूने हेही खरे, की लहान मंडळीस ह्या विद्येचा मोठा आधार होण्यासारखा आहे. खिडकी सरकविली की उजेडाचे उत्तर तत्क्षणी डोळ्यांपुढे येते. जे काम मोठा कारखाना दहा माणसांकडून करून घेई, ते एखाद्या तरुण कलावतीस एकटीने करून पाहता येते. चित्र अखेर साध्या यंत्रावर जुन्याच रीतीने दाखविले, तरी रचनेच्या काळातील हा लाभ बुडत नाही. आमच्याच तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडीच्या इमारतींत हजारो तरुण संगणकावर कामे करितात आणि पश्चिमेस मुळशीचे पाणी पसरले आहे. त्यांपैकी कोणास कधी हे पाणी, तो घाट आणि ते माजघर खेळात आणावेसे वाटले, तर ही विद्या त्याच्या फार उपयोगी पडेल. मात्र आषाढातील ते माजघर त्याने आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे.

तेव्हा आमचा निर्णय असा. ज्या खेळात उजेड व अंधार ह्यांवर खेळाडूची कृती अवलंबून असते, दार उघडले, दिवा विझविला, आरशात पाहिले, आणि त्यावरून काही ठरले, तेथे किरणशोध हा खेळाचा प्राण होऊ शकतो. त्यासाठी केलेला खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही. ज्या खेळाने आपली चित्रशैली स्वतः घडविली आहे त्यास त्याची गरज नाही. आणि जेथे ओल्या रस्त्यांची चकाकी दाखविण्यापलीकडे त्याचे काही काम नाही, तेथे तो सोन्याचा मुलामा आहे. मुलाने नवे यंत्र मागितले असता पित्याने रागावू नये, आणि लगेच पैसेही काढू नयेत. त्याच्या शेजारी बसून त्याचा आवडता खेळ अर्धा तास पाहावा, आणि ह्यातला दिवा विझला तर तुला काही निराळे करावे लागेल काय, असे विचारावे. मुलाच्या उत्तरावरून यंत्राचा निर्णय होईलच; शिवाय त्या घरात एका नव्या कलेविषयी रसिकपणे बोलण्यास आरंभ होईल, आणि तो लाभ आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.